पडद्यावरच्या प्रार्थनाकाकू

दीनावैनीला देवी कुणी केलं, हा विषय आमच्या बोळात निघाला की सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळतात. का, ते मला कळत नाही. मी फक्त बोलले. चित्र काढलं ते बाळासो पेंटरनं. आणि बाळासोला विचाराल तर तो चहाच्या पेल्याकडं बोट दाखवतो.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर माझ्याबरोबर तुमचाही गोंधळ व्हायचा.

दीनाबाई शमुवेल आवळे. ब्रह्मपुरीच्या उतारावर त्यांची आणि आमची भिंत एकच. शमुवेलभाऊ शिरोलीला फाउंड्रीत कामाला. सकाळी सायकलीवर जायचे, संध्याकाळी यायचे आणि घरात मोजकी चार वाक्यं बोलायचे. भाजी कुठली करायची तेही त्यातल्याच एका वाक्यात येऊन जायचं. दीनावैनी अंगानं भरलेली, बारीक काठाचं पांढरं लुगडं नेसणारी, आणि घडीघडीला डोळे मिटणारी. स्टोव्ह पेटवण्याआधी प्रार्थना, पत्र फोडण्याआधी प्रार्थना, रेशनच्या रांगेत नंबर जवळ आला की प्रार्थना. पदर डोक्यावर घ्यायचा, डोळे मिटायचे, ओठ हलवायचे. स्टोव्हला पिन मारताना एकदा डोळे मिटले आणि डावी भुवई जळाली. तरी खोड जाईना.

मी भिंतीवरून विचारायची, "वैनी, डोळं उघडं ठेवून बोललं तर तुमचा देव ऐकत न्हाय व्हय?"

"ऐकतोय की. पण मग मला तू दिसतीस, शाजादी. ध्यान उडतंय."

अशी बाई. तिच्या स्वतःच्या मालकीची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. चर्चमधल्या बायकांची बुधवारची प्रार्थनासभा. अकरा वर्षं तीच चालवत होती. कुठलं गीत म्हणायचं, कुणाच्या दुखण्यासाठी मागणं करायचं, सगळं ती ठरवणार. बुधवारी दुपारी ती बोळातून निघाली की चालच वेगळी असायची. घरात भाजीचं ठरवता न येणारी बाई तिथं तीस बायकांना उभं करायची आणि बसवायची.

आता बाळासो. सिनेमाचे बोर्ड रंगवणारा, आमच्या बोळाच्या तोंडाला राहणारा. सत्त्याहत्तर साली जयसिंगपूरच्या एका चहावाल्यानं त्याला काम दिलं. गुलछडी चहाची जाहिरात, हलत्या चित्रांची, दोन मिनिटांची, दर महिन्याला नवी. मध्यंतराचे दिवे लागायच्या आधी टॉकीजमध्ये दाखवायची. बाळासोनं एका बंद पडलेल्या स्टुडिओतला कॅमेरा मिळवला आणि एक कुटुंब तयार केलं. पाटील, पाटलीण, पाटलाची म्हातारी आई. दर महिन्याला घरात काहीतरी भानगड व्हायची, चहा संपलेला असायचा आणि शेवटी गुलछडीचा पुडा मिळून सगळं गोड व्हायचं. तीन महिन्यांत बाळासोचे विनोद संपले. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"आक्का, काय तरी सांग की. डोस्कं चालंना."

"शेजारीण घाल," मी म्हटलं. "शेजारणीबिगर घर असतंय व्हय?"

"कसली शेजारीण?"

मी भिंतीपलीकडं नुसती मान केली. मग सांगत गेले. भुवई सांगितली, रेशनची रांग सांगितली. माझ्या पदरचंही थोडं घातलं. जास्त नाही. मांजर हरवलं म्हणून तिनं प्रार्थना केली आणि दोन मांजरं आली, एवढंच.

अशी पडद्यावर प्रार्थनाकाकू आली. फार मोठं काम नाही. पाटलाकडं भानगड झाली की ती दारातून आत यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "बापा, या घरावर दया कर!" लगेच माळ्यावरून गुलछडीचा पुडा पाटलाच्या टाळक्यात पडायचा.

मी आणि आमचे गौसमियाँ पहिल्याच आठवड्यात बघून आलो. खालचं थेटर हसून लोळलं. मीही लोळले. पण बायकांच्या बाजूला बघते तर खेड्यावरनं आलेल्या दहा-बारा जणी चपला काढून बसलेल्या. गप्प. हात जोडलेले.

मला कळेना. दुसऱ्यांदा जाऊन नीट बघितलं तेव्हा कळलं. बाळासोनं काकूच्या डोक्यावरचा पदर रेखाटताना पेला पालथा घालून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली होती. चेहरा रंगवला, लुगडं रंगवलं, आणि तो गोल तसाच पांढरा सोडला. कागदावर पदर दिसत होता. पडद्यावर मागनं दिवा आला आणि डोक्याभोवती झाली प्रभावळ! त्यात तिनं डोळे मिटले की वरनं वस्तू पडते. बायकांनी दुसरं काय समजायचं?

दीनावैनी सिनेमाला जात नव्हती. त्यांच्यात ते बसत नाही. पण बातमी तिला लागलीच. मला म्हणाली, "शाजादी, मला बघून हसत्यात म्हणं?"

"हसत्यात."

"किती?"

"पोटं धरून."

तिनं विचार केला. "हसू देत. हसण्यानं कुणाचं काय जात न्हाय." मग जरा वेळानं, "लुगडं तरी धुतलेलं दाखवलंय न्हवं?"

हसणं तिनं असं पचवलं. मी हात जोडणाऱ्या बायकांचं बोलले नाही. म्हटलं, जाईल आपोआप.

कुठलं जातंय. पुढच्या मंगळवारी मलकापूरकडच्या तीन बायका पत्ता विचारत बोळात आल्या. आधी अंबाबाईचं दर्शन घेऊन, मग इकडं. त्यांना पत्ता कुणी सांगितला ते विचारू नका. दीनावैनी दारात तांदूळ निवडत बसली होती. एकीनं तिच्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, दुसरीनं खण-नारळ काढला, तिसरी सरळ पायावर.

"अगं, अगं! काय करतासा?"

"ओटी घ्या काकी. म्हस आटलीया आमची. तेवढं डोळं मिटा."

वैनीनं घाबरून डोळे मिटले. घाबरली की ती डोळेच मिटते. झालं! बायका जमिनीला डोकं टेकून, समाधानानं निघून गेल्या. म्हशीचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही, पण आणखी बायका आल्या त्यावरून तुम्हीच काय ते समजा.

वैनीची झोप गेली. हसणारी माणसं चालतील, पाया पडणारी चालायची नाहीत. माणसाची पूजा म्हणजे त्यांच्यात केवढं पाप! ती बायकांना सांगायची, "मी कोण न्हाय गं, मी साधी बाई हाय," आणि त्या एकमेकींकडं बघून माना हलवायच्या, बघा, मोठी माणसं अशीच बोलतात. जितकी नाही म्हणेल तितकी ती मोठी होत चालली.

शेवटी त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब सायकलवरून आले. उंबऱ्यावर नारळ, कुंकू, दोन उदबत्त्या.

"दीनाबाई, हे काय आहे?"

"म्हाईत न्हाय, साहेब. मी काय केलंच न्हाय."

"मग यांना बोलावलं कुणी?"

मी भिंतीपलीकडं वाळवण उलटत होते. ते मी फार मन लावून उलटायला लागले.

साहेब पुढं काही म्हणायच्या आत वैनीच म्हणाली, "बाळासोला मी चित्र बदलाय लावती. नवीन लागलं की आपण बघू. त्येच्यानंतर एकीनं जरी मला हात जोडलं, तर मी बुधवारची सभा सोडली. मला हात जोडून घेणारीनं देवापुढं बायकास्नी काय म्हणून न्यायचं?"

साहेबांनी हे मागितलंच नव्हतं. ते नुसतेच "बरं" म्हणाले आणि सायकल उलट्या दिशेनं वळवून गेले.

वैनीनं बाळासोला बोलावलं. त्यानं पेल्याचं सगळं सांगितलं.

"ते माझ्या डोस्क्यामागचं ताट काढ आधी."

"काढतो की, काकी. पण नुसतं काढून भागायचं न्हाय. बायकांच्या डोळ्यांत बसलंय ते."

"मग मला वाईट दाखव. माझ्यातलं एक वाईट काढ आणि मोठं करून दाखव."

"तुमच्यातलं वाईट काय, काकी?"

वैनी आठवू लागली. आठवेना. मग माझ्याकडं वळली. "शाजादी, तुला म्हाईत असंल. सांग की."

आता बघा. या बाईबद्दल मी अकरा वर्षं बोळभर बोलत आले होते. पण तोंडासमोर उभी राहून ती मागायला लागली आणि मला एकही सुचेना. मी म्हटलं, "तुमी डाळीत मीठ कमी घालता." बाळासोनं कपाळाला हात लावला.

 मग वैनी खाली बघत म्हणाली, "प्रार्थना करताना मला डुलकी लागती."

"कधी?"

"कायमच. अकरा वर्षं. बुधवारी सुदीक. बायकास्नी वाटतंय, मी मनातल्या मनात लई वेळ मागणं करती."

 हे गावाला कळलं तर बुधवारची सभा तशीही जाईल, हे तिला कळत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, "वैनी, दुसरं काय तरी बघू." ती म्हणाली, "दुसरं कुठलं? खरं एवढंच हाय."

महिन्यानं नवीन चित्र लागलं. वैनी म्हणाली, मी स्वतः येणार. मी चाटच पडले. टॉकीजच्या दाराशी तिनं माझा हात धरला आणि डोळे गच्च मिटले. दारावरचा माणूस म्हणाला, "बाईंना दिसत न्हाय व्हय?"

"दिसतंय, पण बघायचं न्हाय," मी म्हटलं आणि तिला खुर्चीपर्यंत नेलं. अर्धा सिनेमा तिनं तसाच काढला. मध्यंतर आलं आणि पाटलाचं घर पडद्यावर उगवलं. पाटलाच्या म्हातारीला उचकी लागलेली. प्रार्थनाकाकू आली, प्रभावळ नाही, साधा पदर. डोळे मिटले, "बापा, या घरावर..." आणि तिथंच घोरायला लागली. घोरण्यानं पाटलाचं धोतर हलू लागलं, म्हातारी दचकली, उचकी थांबली आणि सगळ्यांनी काकूच्या भोवती बसून चहा घेतला. काकू झोपलेलीच. थेटर डोक्यावर.

"हसली?" वैनीनं डोळे मिटूनच विचारलं.

"हसली."

"सगळी?"

मी बघितलं. खेड्यावरच्या बायकाही पदर तोंडात धरून हसत होत्या. फक्त तिसऱ्या रांगेत एक म्हातारी होती. तीही हसली, खदखदून, डोळे पुसले. आणि मग तिनं हात जोडले.

न झालेल्या किती गोष्टी मी आजवर सांगितल्यात. झालेली एक गाळायला काय लागत होतं? पण वैनीचा हात माझ्या हातात होता.

"एकजण सोडून," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले. तोवर जाहिरात संपली होती, दिवे लागले होते. ती उठली आणि सरळ म्हातारीकडं गेली.

"आज्जी, त्या चित्रातली बाई मी हाय. देवाशी बोलताना मी झोपती. तरीबी हात जोडलासा?"

म्हातारीनं तिला नीट न्याहाळलं. "व्हय की. तुमीच त्या! मी चिमणाबाई, मलकापूरची."

"हात का जोडलं?"

"आता तुमी झोपलासा," चिमणाबाई म्हणाली. "त्या घराचं मागणं अर्ध्यावर ऱ्हायलं. कुणी तरी पुरं कराय नको? म्हणून मी जोडलं."

"म्हंजे मला न्हाय जोडलं?"

"तुमाला कशाला जोडू? तुमी घोरत हुतासा."

"मग कुणाला?"

"तुमी कुणाशी बोलत हुतासा, त्याला. नाव काय मी इचारलं न्हाय."

वैनी उभी ती उभीच. हे पापात बसतं की नाही, तिला ठरवता येईना. मला तर मुळीच येईना. आमच्यात तरी हे कुठं बसतं? तेवढ्यात दिवे जाऊन सिनेमा परत सुरू झाला, मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, खाली बसा की!" आणि आम्ही बाहेर आलो.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, मी चर्चच्या अंगणाबाहेर उभी राहून ऐकलं.

"कुणी जोडले का हात?"

"एकीनं जोडलं, साहेब. पण मला न्हाय. मी झोपल्यावर माझी प्रार्थना तिनं पुरी केली."

"कोणत्या देवापाशी?"

"ती म्हणाली, मी ज्याच्याशी बोलत हुती त्याच्यापाशी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि परत काढला. "म्हणजे... हरकत घ्यावी तर कशाला घ्यायची?" ते स्वतःलाच विचारत होते. "सभेचं मी बुधवारपर्यंत कळवतो."

बुधवार आला. साहेबांकडनं काही आलं नाही. नको असंही आलं नाही, हो असंही नाही. दीनावैनीनं दुपारपर्यंत वाट बघितली, मग पदर डोक्यावर घेऊन निघाली. मी कधी जात नाही, पण त्या दिवशी चर्चच्या खिडकीखाली जाऊन बसले. आत तिनं बायकांना उभं केलं, डुलकीचं सगळं खरं खरं सांगितलं आणि म्हणाली, "आता तुमीच ठरवा."  मग एकीच्या आजारी सुनेसाठी मागणं सुरू झालं. वैनीचा आवाज चार वाक्यं चालला आणि थांबला.

मी खिडकीतून डोकावले. तीस बायका डोळे मिटून उभ्या, पुढं वैनी, मान थोडी खाली. बोलत होती का झोपली होती, खिडकीतून मला सांगता येईना. बहुतेक त्यांनाही येत नसावं. मग मागच्या रांगेतल्या एकीनं हळू आवाजात सुनेचं नाव घेऊन पुढचं मागणं सुरू केलं.