सकाळपुरता घेतलेला शेअर

"अरे भिया, मोठा चार्ट लावा ना!" असं म्हणत ते समोरच्याच्या मोबाइलवर दोन बोटं टेकवायचे आणि चिमटीत धरल्यासारखी जवळ आणायचे. मघापर्यंत कड्यावरून कोसळणारी रेघ लांबच्या चढावरच्या एका खड्ड्यासारखी दिसू लागायची. समोरच्याचा तोटा मात्र तेवढाच राहायचा.

तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेल. आमच्या तुकोगंजच्या विमा कचेरीत हे होते. मी नाशिकहून नवाच आलो होतो, 'भिया' म्हणजे भाऊ हेही मला ठाऊक नव्हतं, तेव्हा चहाच्या टपरीवर त्यांनी मला नियम शिकवला. आठवड्याच्या चार्टवर दिशा बघायची, दिवसाच्या चार्टवर जागा हेरायची आणि पाच मिनिटांच्या चार्टवर फक्त आत शिरायची, म्हणजे खरेदीची, वेळ साधायची. वरून खाली यायचं. नियम चोख होता. कचेरीत तो सगळ्यांना पाठ होता. पाळत नव्हते ते एकटेच.

ते खालून वर जायचे. पाच मिनिटांचा चार्ट बघून सकाळी शेअर घ्यायचे, दुपारच्या आत विकायला. पडला की तासाचा चार्ट उघडायचे. तिथेही पडलेला दिसला की दिवसाचा, मग आठवड्याचा. आणि दर वेळी "सस्ता मिळतोय" म्हणून थोडे आणखी घ्यायचे. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर त्यांनी असाच एका सकाळपुरता घेतला. तो महिन्याच्या चार्टवर पोचला, तोवर त्यांची मुलगी आठवीतून बारावीत पोचली होती आणि घरातली सगळी शिल्लक त्या पंपात.

"तोटा लहान होता तेव्हाच का नाही विकलात?" मी एकदा विचारलं.

"आमचे आजोबा महूच्या छावणीत, पलटणीत होते, भिया. माघार आपल्याकडे नाही."

पलटणीलाही माघारीचा हुकूम मिळतो, हे बोलायची माझी हिंमत झाली नाही.

मुलीला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. एका दुपारी त्यांची बायको शाळा सुटल्यावर, गळ्यातलं शिक्षिकेचं ओळखपत्र न काढताच, थेट कचेरीत आली.

"परवा फीची शेवटची तारीख आहे."

"अगं, महिन्याचा चार्ट बघ ना जरा. बिल्कुल तळाला आहे, इथून वरच जाणार."

"आणि पोरीला कोणत्या चार्टवर बसवू?"

सगळा विभाग एकदम फायलींत शिरला. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाईसाहेब, ह्याच्यात विकायचं बटन कुठे असतं?"

मी वहिनींच्या यजमानांकडे बघितलं. त्यांनी मोबाइल उघडून टेबलावर सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी बटन दाखवलं, वहिनींनी दाबलं. खिडकीबाहेर तेव्हा बघण्यासारखं काहीही नव्हतं.

पुढच्याच पंधरवड्यात तो शेअर चढला. बरा चढला. कचेरीत कुणी अवाक्षर काढलं नाही. एरवी एकमेकांचे पगारही चघळणाऱ्या आमच्या कचेरीने दाखवलेली तेवढी एकच माया मला आठवते. त्यांना कळलं नसेल हे अशक्य. मग त्यांची रतलामला बदली झाली.

बदलीआधी शेवटचे भेटले ते मुलगी पुण्याला निघाली त्या संध्याकाळी. गादीची वळकटी बसवर चढवायला मी गेलो होतो. बस सुटली, वळणावरून दिसेनाशी झाली. वहिनी डोळे पुसून रिक्षाकडे गेल्या.

"चला," मी म्हणालो.

"थांबा ना, भिया." त्यांची नजर रस्त्यावरच होती. "पुढे सिग्नलला अडकली असेल अजून."

वहिनींनी रिक्षातून दोनदा हाक मारली. ते तसेच उभे होते.