फोटो, घरातल्या घरात

एखादं काम स्वतःच करायचं ठरवलं की किस्से आपोआप साठत जातात. मी ठरवलं ते एवढंच: माझ्या नवऱ्याच्या, विनयच्या कॉम्प्युटरवरचे घरचे सगळे फोटो माझ्या आणि मुलीच्या कॉम्प्युटरवर आणायचे. विनय मागच्या वर्षी गेला. कॉम्प्युटरही त्याच वाटेवर होता.

*

बुधवार पेठेतल्या दुकानदाराने तो उघडून पाहिला. “डिस्क जाणार. ठेवून जा, कॉपी करून देतो.”

“ठेवून जाणार नाही.”

“मग आणलात कशाला?”

“विचारायला.”

“झालं विचारून?”

सीपीयू मांडीवर घेऊन मी रिक्षाने कोथरूडला परत आले.

*

मुलगी मुक्ता आमच्याबरोबरच राहते, हडपसरला आयटीत आहे. “आई, क्लाउडवर टाकते ना सगळं!”

“आपले फोटो घराबाहेर जाणार नाहीत.”

“अगं, सगळं जग टाकतं!”

“जगाने स्वतःचे टाकावेत.”

शेवटी तिने घरच्या वाय-फायवरूनच फोल्डर शेअर करायला मला शिकवलं. “पासवर्ड ठेव हं,” असंही म्हणाली. घरातल्या घरात कसला पासवर्ड, म्हणून मी ठेवला नाही.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांचं नेट बंद होतं तेव्हा आमचं वाय-फाय त्यांना दिलं होतं, ते अजून चालूच होतं. “अहो, महाबळेश्वरच्या फोटोत तुम्ही किती बारीक होतात!”

*

त्याच दिवशी पासवर्ड ठेवला. तो टाकायला बसले माझे सासरे, अप्पा. निवृत्त मुख्याध्यापक. एकेक अक्षर वर्गात शुद्धलेखन घालावं तसं खणखणीत उच्चारत टाकू लागले.

खालच्या बाल्कनीतून आवाज आला, “अप्पा, चौथं परत सांगा!”

पासवर्ड बदलला. वाय-फायचाही बदलला. वरच्या काकूंचा लगेच फोन. “तुमचं नेट बंद आहे का हो?”

“नाही. आमचं चालू आहे.”

*

एकदा कॉपी अर्ध्यावर असताना मी भाजी आणायला गेले. येऊन बघते तर कॉम्प्युटर बंद! रिकाम्या खोलीत वीज जळायला नको म्हणून अप्पांनी बटण बंद केलं होतं.

तो पुन्हा सुरू होईना. मी बटण दाबत राहिले. बऱ्याच वेळाने त्याचा आतला पंखा घरघरला. मी आधी बटणावर चिकटपट्टी लावली, मग पाणी प्यायले.

“मला नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं,” अप्पा म्हणाले.

“सांगितलं होतं, अप्पा.”

“मग पट्टीच बरी.”

*

सगळे फोटो आले त्या रविवारी मुक्ता फोल्डरचे हक्क ठरवायला बसली. कोणी फोटो नुसते बघायचे, कोणी त्यांत बदलही करायचे. मला सगळे हक्क. तिला सगळे. अप्पांना फक्त बघण्याचा. “योग्य आहे,” ते म्हणाले.

यादीत एक नाव उरलं. तिचा हात थांबला.

“आई, बाबांचं काढू?”

मी यादीतलं ते नाव पुन्हा वाचलं.

“काढू नको,” अप्पा म्हणाले. “पण त्यालाही फक्त बघू दे. हात लावू दिलास, तर पुन्हा सगळ्या फोटोंना नवीन नावं देत बसेल.”