सगळ्या गावाला विचारणारी ताई

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसला निघालो होतो. ‘ताई गेली तुही,’ एवढंच म्हणाले. छातीत दुखतंय म्हणाली आणि राळेगावच्या दवाखान्यात पोहोचायच्या आतच... आज दीड महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

ताई आमच्या गावची आशा सेविका होती. नवं लग्न झालेल्यांच्या घरी जायचं, दिवस गेले का विचारायचं, बाईला दवाखान्यात न्यायचं, हे तिचं काम. सगळ्या गावाला विचारणाऱ्या या बाईने मला आणि प्रीतीला मात्र लग्नाला सहा वर्षं झाली तरी एकदाही विचारलं नाही. बाकीचे नातेवाईक ती कसर भरून काढायचे, तो भाग वेगळा!

गेल्या दिवाळीत मीच विषय काढला. दोघांच्या नोकऱ्या, भाड्याचं घर, सांभाळायला कोणी नाही, ही कारणं मी सगळ्यांच्या तोंडावर फेकायचो. खरं कारण फक्त तिलाच सांगता येण्यासारखं होतं. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो, ताई अकरा वर्षांची. मला सांभाळायला तिची शाळा सुटली ती कायमचीच. मूल वाढवायचं म्हणजे कोणाचं तरी आयुष्य त्यात जातं, तुझं माझ्यात गेलं, असं मी म्हणालो. ती मेथी निवडत होती. भडकलीच.

‘तुले कोण सांगतलं माहं आयुष्य गेलं म्हणून? शाळेचं वाईट वाटते मले, खोटं कायले बोलू? पण आई गेल्यावर त्या घरात हासणारा तू एकटाच होता, बाबू.’

‘मंग आमाले इतके वर्ष विचारलं काहून नाही?’

‘विचारलं असतं तं तू मले खूश करासाठी हो म्हटलं असतं.’

पुण्याला परतताना बसमध्ये मी आणि प्रीती बरंच बोललो, आणि ठरवलं. बाळंतपणाला ताई येणार, हेही ठरलं. मग ती गेली आणि माझा धीर पुन्हा सुटला. प्रीतीचा नाही सुटला.

परवा सकाळी तिने दोन रेषा उमटलेली पट्टी माझ्यापुढे धरली. मला रडूच आलं, आणि सवयीने मी ताईचाच नंबर लावला... गावातल्या बाया अजून त्याच नंबरवर फोन करतात, म्हणून भाऊजींनी तो चालू ठेवलाय. त्यांनी उचलला. ‘भाऊजी, प्रीतीले...’ एवढंच मी रडत रडत म्हणालो. ते हळूच म्हणाले, ‘किती दिवस झाले प्रीतीले?’