बुटातला सोडा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या माणसाच्या बुटांना वास येऊ नये, अशी अपेक्षा फक्त अभ्यासिकेचा मालकच करू शकतो. पहाटे मैदानावर पळायचं, तेच बूट घालून खोलीवर, तेच घालून अभ्यासिकेत आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर. जोड एकच. बुटांना स्वतःला श्वास घ्यायची उसंत नव्हती, त्यांनी दुसऱ्याच्या नाकाची काळजी कुठून करावी?

अमरावतीतली आमची अभ्यासिका तळघरात होती. आत एसी, प्रत्येकाला एक लाकडी खुराडं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'यश तुमची वाट पाहत आहे'. यश वाट पाहत होतं की नाही, कोण जाणे. दाराशी रॅकमध्ये ठेवलेले माझे बूट मात्र सगळ्यांची वाट लावत होते.

मालक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. समोर उभ्या माणसाला सांगायची गोष्टही ते फलकावर लिहीत. एका सोमवारी फलकावर आलं, 'काही विद्यार्थ्यांच्या पादत्राणांमुळे अभ्यासाच्या वातावरणास बाधा पोहोचत आहे. संबंधितांनी आठ दिवसांत बंदोबस्त करावा, अन्यथा जागा रिकामी करावी.' 'संबंधित' हा शब्द वाचताच खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. इतकं एकमत मी राज्यघटनेच्या नोट्समध्येही कुठं वाचलं नव्हतं.

मला हसू आलं नाही. ती माझी शेवटची भरती होती. पुढच्या जाहिरातीला मी वयात बसणार नव्हतो. नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या गावात सहा वर्षांपासून लोक मला 'साहेब' म्हणत. सुरुवातीला कौतुकानं म्हणत, अलीकडे एकमेकांना कोपर मारून म्हणायला लागले होते. अर्ज मी अकोल्याला भरला होता. अकोल्याच्या उन्हाला भिऊन पोरं तिकडं जाणार नाहीत, असा माझा हुशार अंदाज. तोच अंदाज बाकी हजारोंनीही केला होता, हे मैदानावर कळलं. पण मला ती नोकरी हवी होती. आज मी या सगळ्याची थट्टा करतोय, तेव्हा त्या नोकरीशिवाय डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. मैदानी चाचणीला दोन आठवडे उरले होते, लेखीचा अभ्यास व्हायचा होता आणि इकडे बसायची जागाच जायची वेळ आली होती.

आईला फोन केला. ती म्हणाली, "पाय धुतं का रोज?"

"धुतो ना."

"अन् मोजे?"

मी विषय बदलला. सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला इतकं सोपं उत्तर पटत नाही. त्याला चार पर्याय लागतात.

पर्यायांना तोटा नव्हता. ज्याला स्वतःचा निकाल लावता येत नाही, तो दुसऱ्याच्या बुटाचा मात्र हमखास लावतो. एकानं रात्री बुटात वर्तमानपत्र कोंबायला सांगितलं. मी चालू घडामोडींचे जुने अंक कोंबले. बुटांचा वास गेला नाही, तो अंकांना लागला, आणि तेव्हापासून माझ्याकडे अंक मागायला कुणी फिरकलं नाही. दुसऱ्यानं कडुनिंबाचा पाला सुचवला. त्यानं वासात कडूपणाची भर पडली, एवढंच. डांबरगोळ्यांनी माझ्या बुटांना एसटी स्टँडच्या मुतारीची बरोबरी मिळवून दिली. शेवटी दोन दिवस गच्चीवरच्या उन्हात ठेवले, तर वास होता तिथंच राहिला आणि उजव्या बुटाचा तळ उचकटायला लागला. तो चिकटवायला अर्धा दिवस गेला.

माझा रूम पार्टनर अचलपूरचा. घरचा कापडाचा धंदा, बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी. तो आठवडाभर हे सगळं नाकाला रुमाल लावून पाहत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, तू बुटात सोडा टाक. रातभर राहू दे, सकाळी झटकून दे. किस्सा खतम."

मी खालच्या किराणा दुकानात गेलो. "सोडा द्या."

दुकानदार म्हणाला, "खायाचा देऊ का धुयाचा?"

आता प्रश्न समोर आला की विचार करायची आम्हाला सवय. मी विचार केला. बूट काही खायची वस्तू नाही. बूट स्वच्छ करायचे आहेत. स्वच्छ करणं म्हणजे धुणं. चुकीचा पर्याय बाद करून बरोबर उत्तराला पोचायचं, हेच तर क्लासमध्ये शिकवलं होतं. मी आत्मविश्वासानं म्हणालो, "धुयाचा."

आणि वास गेला! खरंच गेला. दुसऱ्या दिवशी मी बूट रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. मालकांनी स्वतः वाकून खात्री केली, जुनी सूचना पुसली आणि तिथं लिहिलं, 'सहकार्याबद्दल आभार.' मला तर शारीरिक चाचणी पास झाल्यासारखं वाटलं. यशाची चटक वाईट असते. मी रोज रात्री मूठभर सोडा टाकायला लागलो, आणि गुण टिकावा म्हणून सकाळी नीट झटकायचंही सोडून दिलं. तसाच पळत होतो.

चौथ्या दिवशी पाय चुरचुरायला लागले. घाम आणि सोडा एकत्र आल्यावर काय होतं ते मी तळपायावर शिकलो. बोटांच्या बेचक्यांतली कातडी लालभडक झाली, टाचेची सालं निघाली. मैदानी चाचणी तीन दिवसांवर होती.

रूम पार्टनर ओरडला, "तुह्या पायाले काय झालं बे?" मग त्यानं पुडी उचलून चिमूटभर भुकटी बोटांत चोळली आणि कपाळाला हात लावला. "अबे, हा तं कपडे धुयाचा सोडा होय! मी खायाचा म्हनलो होतो!"

"तू नुसता सोडा म्हणालास," मी म्हणालो.

माझ्या वहीत दोन्ही सोड्यांची रासायनिक नावं एकाखाली एक लिहिलेली होती, हिरव्या पेनानं रेघ मारून. प्रत्येक सराव परीक्षेत तो प्रश्न मी बरोबर सोडवला होता.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि आठ दिवस बूट घालू नका म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी अकोल्याच्या मैदानावर बूट हातात घेऊन उभा होतो. रांग लावणाऱ्या शिपायानं विचारलं, "काऊन बे, बूट हातात काऊन?"

"पायात घालता येत नाहीत, साहेब."

"मंग आनले कायले?"

मी बूट कुंपणाशी ठेवले आणि सोळाशे मीटरला अनवाणी पळालो. जमीन तापायला लागली होती. पाय टेकवला की आग होई, म्हणून तो लवकर उचलायचा, इतकंच डोक्यात होतं. शेवटची फेरी कशी गेली आठवत नाही. रेषेपलीकडे मी गुडघ्यांवर बसलो. यादी लागली, तेव्हा तिच्यात माझं नाव नव्हतं.

आता मी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात पाळीवर जातो. आमच्या गावात सगळ्यांना सोड्याची गोष्ट पाठ आहे. मीच रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात आणि शेवटी हळहळतात, "सोड्यानं घात केला, नाहीतं लागलाच होता." कोपर मारणं बंद झालं. रूम पार्टनर पुढं दुसऱ्या जिल्ह्यात भरती झाला. दर ईदला त्याचा फोन येतो, आणि माझ्या शुभेच्छा देऊन झाल्या की आवाज बारीक करून तो म्हणतो, "भाऊ, माफ कर. मी त्या दिवशी नीट सांगाले पायजे होतं." मी म्हणतो, "जाऊ दे बे."

त्या दिवशी मैदानावर माझी जी वेळ लागली, ती सहा वर्षांतली माझी सगळ्यात चांगली वेळ होती. बूट घालून मी कधीच इतका जोरात पळालो नव्हतो. तरी तेवढ्यानं भागलं नाही. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.