गाडी पोचली, पण आम्ही पोचलो नव्हतो

मित्रांनो, रुग्णवाहिकेतले उपचार लवकर कसे मिळतील, यावर आमचं संशोधन चालू आहे. म्हणून आज सकाळी मी गाडीसोबत घणसोली गावात गेले. एका आजोबांच्या छातीत दुखत होतं.

गल्लीच्या तोंडाशीच बाइक लावलेल्या होत्या. गाडी आत जाईना. पॅरामेडिक सुजाताताई बॅग घेऊन धावत सुटल्या, मी मागे. घरात शिरलो तेव्हा आजोबांचा श्वास थांबला होता. ताई बराच वेळ छाती दाबत राहिल्या. आजोबा गेले.

सून म्हणाली, "सायरन वाजला तवा बाबा बोलत व्हते. 'आली गाडी' म्हनाले."

आमच्या संशोधनाच्या फॉर्मवर गाडी पोचल्याची वेळ लिहितात, पेशंटजवळ पोचल्याची नाही. त्या वेळेचा रकाना आज मी पेनाने आखला.

तुमच्या गल्लीतून स्ट्रेचर जाईल का?