पडवीचे खांब

आमच्या पडवीचे सागाचे खांब सासऱ्यांनी होडीतून आणलेले. नर्मदेकाठचं त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात जाणार, हे नक्की झालं तेव्हा त्यांनी आपल्या हातांनी घर उकललं आणि निघेल तेवढं लाकूड सोबत घेतलं. तळोद्याजवळच्या या वसाहतीत घर विटांचं झालं, पण पुढची पडवी त्याच खांबांवर उभी राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्यावर निळ्या ऑइलपेंटचे थरावर थर होते. ते सिमेंटचेच असतील असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

यंदा पाऊस उघडला आणि रंगाचे पोपडे सुटू लागले. मला लाकूड दिसेल असं पॉलिश लावायचं होतं. तळोद्याचा दुकानदार म्हणाला, "पहिले जुना रंग पुरा काढी टाका ताई, नही ते नवं टिकाव नही."

सासरे मात्र कचरत होते. "आत सडलेलं निघालं तर?" ते म्हणाले. "रंगाखाली झाकलेलं आहे तेच बरं."

तरी मी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायला घेतलं. निळ्याखाली हिरवा निघाला, त्याखाली धुराचा काळा थर. खांब धुऊन उन्हात वाळू दिले आणि मग पॉलिशपेपर हातात घेतला. थोडंसंच घासलं असेल, तोच वास आला. तेलकट, उग्र, ओल्या रानासारखा. मी थांबले. इतकी वर्षं उन्हापावसात उभं राहिलेलं लाकूड आतून ताजं होतं, मधासारख्या रंगाचं.

सासरे आतून बाहेर आले. त्यांनी खांबाला नाक लावलं.

"काय झालं बाबा?"

"घर," ते म्हणाले. "आमच्या घरात असाच वास यायचा. नवीन होतं तेव्हा."

मग त्यांनी पॉलिशपेपर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः घासू लागले. शेजारची म्हातारी, त्यांच्याच गावची, वासानं कुंपणाशी आली. तिनं खांबाला हात लावला, मग तोच तळवा चेहऱ्यावरून फिरवला. दोघं त्यांच्या बोलीत खूप वेळ बोलत होती. मला त्यातलं नदी आणि म्हैस एवढंच कळलं. ती हसत होती.

घासून झाल्यावर मी पाण्याचे थेंब शिंपडून पाहिले. बघता बघता लाकडानं ते पिऊन टाकले. म्हणजे पॉलिश आत मुरणार होतं. पण डबा उघडताना माझा हात अडला. हा वास आता पुन्हा कोंडायचा?

"बाबा, राहू देऊ का असंच?"

"लाव," ते म्हणाले. "उभं राहायचंय त्यांना अजून." आणि वरच्या भागाला पॉलिश मी लावतो म्हणत स्टूल आणायला आत गेले.