मीरशॉमची हळद

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसलात तरी चालेल म्हणा. सासरची सगळी माणसं हसून झालीत, त्यात तुमची भर पडली तर माझं असं काय जाणार आहे?

मी सांगलीत एका कॉलेजात भूगोल शिकवतो. सासरे कोरेगावकडचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. आबांकडे एक तंबाखूचा पाईप होता. पांढऱ्या दगडात कोरलेला दाढीवाला म्हातारा, डोक्याला फेटा. त्या फेट्यात तंबाखू भरायची. त्यांच्या कर्नलसाहेबांनी निरोपाच्या वेळी दिलेला.

लग्नानंतर पहिल्यांदा तो पाईप बघितला आणि माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही!

"आबा, हा तर मीरशॉम! तुर्कस्तानात सापडतो. मीरशॉम म्हणजे समुद्राचा फेस. जसजसा ओढत जाल तसतसा मधासारखा पिवळा होतो."

आबा माझ्याकडे बघतच राहिले. त्या घरात पाईपची कदर करणारं माणूस पहिल्यांदाच आलं होतं.

पुढे आबांना हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. मग एके दिवशी आबांनी पाईप स्वच्छ रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवला.

"जावईबापू, ह्येची निगा रायफलीवानी राखायची. तापला की उघड्या हातानं धरायचा न्हाई, डाग पडत्यात. वढून झालं की तारंनं नळी साफ करायची. आन् पाणी? थेंबसुदिक लागू द्यायचा न्हाई. लय मऊ दगूड हाय."

"नाही लागणार, आबा."

"रईवारी एकदा वढत जावा. रंग मानंला सुरू झालाय, म्होरं तुमच्या हातनं चढू द्या. पुरा पिवळा झालेला एकदा बगायचाय मला."

आता, मी आयुष्यात बिडीसुद्धा ओढलेली नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण ज्यानं सुरुवातच तुर्कस्तानपासून केलीय, त्यानं "मला ओढता येत नाही" हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

पहिल्या रविवारी बायको बाजारात गेली होती. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसलो आणि पाईप पेटवला. दुसऱ्या झुरक्याला मला कृष्णा नदी उलट्या दिशेनं वाहताना दिसली. आमच्या गच्चीवरून नदी दिसत नाही, हे नंतर आठवलं.

"अहो, तोंड असं काय झालंय?" स्वातीनं, म्हणजे बायकोनं, आल्या आल्या विचारलं.

"पित्त," मी म्हटलं.

त्या दिवसापासून पाईप शोकेसमध्ये गेला. आबांनी शोभेची वस्तू दिलीय असं स्वातीला वाटलं, मीही तिला काही बोललो नाही. पण आबांचा फोन यायचा ना!

"किती चढला?"

"दाढीपर्यंत आलाय, आबा."

पुढच्या फोनला: "आता?"

"मिशीला लागलाय."

"आन् गाल?"

"गाल झाले. फेटा तेवढा राहिलाय."

आणि इकडे शोकेसमध्ये म्हातारा खडूसारखा पांढरा! मानेजवळचा पिवळेपणा सोडला तर सगळा जन्मला तसाच. वर धूळ.

होता होता एका सकाळी आबांचा फोन आला. "उद्याच्याला येतोय. म्हाताऱ्याला बगितल्याबिगर ऱ्हावत न्हाई."

मी त्या दिवशी रजा टाकली. स्वाती कामावर गेली. आता मला सांगा, सांगलीत राहणाऱ्या माणसाला पिवळा रंग म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? सकाळचा आल्याचा चहा उरला होता. तो पातेल्यात गरम केला, मूठभर हळद टाकली आणि म्हाताऱ्याला आत सोडला. पाणी लावू नका असं आबा म्हणाले होते, ते माझ्या पक्कं लक्षात होतं. पण हा चहा होता.

रंग काय चढला म्हणता! अगदी मध! टॉवेलनं हलकेच पुसला तर टॉवेलवर म्हाताऱ्याचं नाक आलं.

दगड खरंच लय मऊ होता.

नाक गमनं चिकटवलं. जरा डावीकडे गेलं. म्हटलं, कर्नलसाहेबांकडचा आहे, कुठेतरी लढाईत लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी आबा आले. पायातल्या चपला काढल्या न काढल्या तोच पाईप रुमालात धरून खिडकीपाशी गेले. उजेडात फिरवून फिरवून बघितला. त्यांचे डोळे भरून आले.

"लय झ्याक! साहेब असतं तर मिठी मारली असती तुमाला. पर जावईबापू, रईवारी एकदा वढून एवढा रंग? रोज वढलासा व्हय?"

इथं नाही म्हणता आलं असतं. पण कौतुक सुरू असताना ते मधेच थांबवावं असं कुणाला वाटतं?

"रोज, आबा," मी म्हटलं. "दोनदा."

"काय दोनदा?" मागून आवाज आला. स्वाती चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

ती माझ्याशी बोललीच नाही. आबांकडे वळली. "आबा, तुम्ही तंबाखू दिलीत ह्यांना? तुमचं काय झालं ते बघितलंय ना आपण?"

आबा मटकन खाली बसले. "चुकलो गं पोरी. माज्या हौसंपायी तुज्या नवऱ्याला नाद लावला मी."

मी तोंड उघडलं होतं, खोटं नाही सांगत. पण समोर आबांचा चेहरा आणि त्यांच्या हातात तो म्हातारा. 'हळद' हा शब्द काही केल्या ओठावर येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात मिरजेला. सांगलीकरांची दुखणी शेवटी मिरजेलाच जातात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्सरे काढला, नळीत फुंकायला लावलं, मग समोर बसवलं.

"कधीपासून ओढता?"

"सहा-सात महिने. रोज दोनदा," स्वातीनं सांगितलं.

"तंबाखू कुठली?"

मी विचार केला. "चांगली."

"म्हणजे?"

"म्हणजे... आपली भारतीय."

बाईंनी एक्सरे उजेडात धरला. "फुप्फुसं तर उत्तम आहेत. खोकला नाही, दम लागत नाही..."

"आवं, असं कसं? ह्यो रंग बगा की!" म्हणत आबांनी खिशातून रुमाल काढला आणि पाईप टेबलावर ठेवला.

बाईंनी नुकतंच हाताला सॅनिटायझर लावलं होतं. पाईप उचलला आणि त्यांचा अंगठा पिवळाधमक झाला. त्यांनी अंगठा बघितला. पाईप नाकाशी नेला.

"आबा, ह्याला हळदीचा वास येतोय." पुन्हा हुंगून म्हणाल्या, "आणि आल्याचा."

तेवढ्यात म्हाताऱ्याचं नाक सुटून टेबलावर पडलं. आधी सगळ्यांनी नाकाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. गच्ची, पित्त, दाढी, मिशी, पातेलं, गम.

आबांनी नाक उचललं, पाईपबरोबर रुमालात ठेवलं, घडी घातली. मग मोकळा श्वास सोडला.

"पोरी, डोळं पूस. तुजा नवरा कवाच वढत नव्हता." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, फुप्फुसं झ्याक हायत ह्येंची, त्यात वाद न्हाई. आता आलोच हाय तर डोकं कुटं तपासत्यात?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर. पण ते डॉक्टर आज नसतात. उद्या या."

मी हसलो. म्हटलं, चला, सगळ्यांनी गमतीत घेतलं, सुटलो! बाहेर येऊन बघतो तर स्वाती काउंटरवर उभी. उद्याचा नंबर लावत होती.